तुझ्या दंडावरचे डाग

ताई, तुला जाऊन तीन आठवडे झाले. लोक भेटायला येतात, "सुटली बिचारी" म्हणतात, चहा घेतात आणि जातात. मी मान हलवते. त्यांना वाटतं, मी रडू आवरून बसले आहे.

खरं म्हणजे मी चिडलेली आहे. तुझ्यावर. तू सात महिने माझ्यापासून एक गोष्ट लपवलीस आणि ती मला तुझ्या माघारी दुसऱ्याच्या तोंडून कळली. तू समोर असतीस तर आपलं कडाक्याचं वाजलं असतं आणि मध्येच तू म्हणाली असतीस, "कुंदे, आवाज खाली कर वं, शेजारचे ऐकून राहिले." आता मी कितीही ओरडले तरी आवाज खाली कर म्हणणारं घरात कोणी नाही. म्हणून लिहिते आहे.

संशय आपल्या दोघींच्या अंगात पहिल्यापासूनच. तुझा धंद्यातून आलेला. अकोल्याच्या बाजारात तीस वर्षं तू भाजी विकलीस. आपल्या हिवरखेडचं वांगं असलं तरी उलटं करून देठ पाहिल्याशिवाय टोपलीत ठेवलं नाहीस. माझा संशय शाळेतला. फळ्याकडे तोंड करून उभी असले तरी मागे खडू कोणी फेकला हे मला कळायचं. निदान कळतं असं मी धरून चालायचे, आणि त्या पोराला उभं करायचे.

टेम्पोतून कोबीची पोती उतरवताना तुझा पाय घसरला आणि पाठीचा कणा गेला. कंबरेखालचं काहीच कळेनासं झालं. दाजी आधीच गेलेले, मूलबाळ नाही, आणि माझ्याही घरात मी एकटीच. मी तुला अमरावतीला आणलं तेव्हा तू एकच अट घातलीस. दर पंधरा दिवसांनी अकोल्याच्या डॉक्टरकडेच जायचं.

"अमरावतीत डॉक्टर नाहीत का?" मी विचारलं.

"असतीन. पन माह्यं हाड पाहेल डॉक्टर तोच हाय."

डॉक्टर हा बहाणा होता हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. तपासणी झाली की तू म्हणायचीस, "आता आलोच हाओत त बाजारातून चक्कर मारू." मग मी बाजाराच्या तोंडाशी गाडी लावायची, मागच्या सीटवरची चाकांची खुर्ची काढून उघडायची, तुला गाडीतून खुर्चीत घ्यायचं आणि तुझ्या जुन्या जागेपर्यंत ढकलत न्यायचं. तिथे तू अर्धा तास बसायचीस. लोकांची वांगी दाबून पाहायचीस, मेथीच्या जुडीत मातीच जास्त आहे म्हणून त्या बायांना बोलायचीस. त्या हसायच्या, तुला "या, मालकीणबाई" म्हणायच्या. अमरावतीला माझ्या घरी तुझा चेहरा असा कधी झाला नाही. हे मी तेव्हाही पाहिलं होतं आणि मला ते आवडलं नव्हतं, हे आज सांगून टाकते.

तुला गाडीत कसं घ्यायचं हे आपल्याला पहिल्यांदा दाखवलं ते अकोल्याच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपीवाल्या मुलीनं. दवाखान्याच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली. पुढची सीट होईल तेवढी मागे सरकवायची. खुर्ची गाडीला थोडी तिरपी लावायची, दोन्ही चाकांचे ब्रेक ओढायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या, खुर्चीचा गाडीकडचा हात काढून ठेवायचा. मग खुर्ची आणि सीट यांच्यामध्ये ती गुळगुळीत लाकडी फळी. कंबरेला रुंद पट्टा बांधायचा आणि धरायचं ते त्या पट्ट्याला. "काकू, हाताला धरून ओढायचं नाही हं कधीच," असं ती दोनदा म्हणाली. माणसाला आधी पुढे वाकवायचं, नाक गुडघ्यांच्या पुढे यायला हवं. आपल्या गुडघ्यांनी त्याचे गुडघे अडवायचे. आधी बूड सीटवर, मग डोकं सांभाळत आत, पाय सगळ्यात शेवटी. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "ब्रेक मी पाहतो. माह्या बुडाचा मामला हाय."

त्यानंतर शेवटपर्यंत ब्रेक तूच तपासलेस. मी लावला म्हटलं तरी. उन्हाळ्यात सीटवर बसण्याआधी तळहात ठेवून पाहायचीस. खाली चटका बसला तरी तुला कळणार नव्हतं, म्हणून मी ओला टॉवेल टाकून सीट निववायचे आणि तरी तू हात ठेवायचीस. "माह्या बुडाले अक्कल नाही राहिली. हाताले हाय अजून." मी हसायचे. आतून मात्र लागायचं. बहिणीच्या हातावर एवढाही भरवसा नाही!

मग शोभा आली. बडनेऱ्याची, चाळिशीची, कमी बोलणारी. मी सकाळच्या शाळेत गेले की दुपारपर्यंत तुझ्याजवळ तीच. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, सगळं तिच्या हातचं. ती पट्ट्याशिवाय तुला हात लावायची नाही. प्रत्येक वेळी मोठ्यानं "एक, दोन, तीन, चला मावशी" म्हणायची. मला वाटायचं, हा देखावा आहे. मी घरात असले की जास्तच मोठ्यानं म्हणते. आपल्या अकोल्याच्या गुरुवारी ती म्हणाली होती, "मॅडम, मी येतो संगं. मागं खुर्चीच्या बाजूले कशीबी बसतो." मी नको म्हटलं. फुकट फिरायला मिळतं म्हणून येते, असं माझ्या मनात आलं. तू तेव्हा खिडकीतून बाहेर पाहत होतीस.

आणि तुमचं दोघींचं ते हसणं. मी चपला काढेपर्यंत ऐकू यायचं, दार लोटलं की बंद. कशाला हसत होता विचारलं तर तू म्हणायचीस, "काही नाही वं." घर माझं होतं, ताई. बहीण माझी होती. आणि माझ्याच घरात मी पाहुणी असल्यासारखी गप्प केली जात होते.

संक्रांतीनंतरचा तो रविवार. तुझ्या डोक्याला तेल लावताना तुझी बाही वर सरकली. दंडाच्या आतल्या बाजूला एका ओळीत चार डाग. निळे, कडेला हिरवट होत चाललेले. बाहेरच्या बाजूला एक मोठा. दुसऱ्या दंडावरही तसेच. रक्त पातळ होण्याच्या गोळीनं तुला जरा दाबलं तरी डाग उठायचे, हे मला माहीत होतं. पण हे कुठे आपटल्याचे नव्हते. ही बोटं होती.

"हे कोणी केलं?"

"लागलं असंन कुठी."

"चार बोटं लागतात का कुठे? शोभानं केलं ना?"

तू बाही खाली ओढलीस. "तेल लाव तू."

हो म्हणाली नाहीस, नाहीही म्हणाली नाहीस. मी त्याचा अर्थ हो असा घेतला. बिचारी घाबरली आहे, दिवसभर तिच्याच हवाली असते, बोलणार कशी, असं मी स्वतःला समजावलं.

त्या आठवड्यात मी दोनदा शाळेतून लवकर निघाले. गाडी कोपऱ्यावर इंगळेकाकूंच्या घरापाशी लावली आणि मागच्या बाजूनं येऊन खिडकीशी उभी राहिले. शोभा तुला पलंगावरून खुर्चीत घेत होती. पट्टा बांधलेला, गुडघ्याला गुडघा, हात तुझ्या दंडाच्या आसपासही नाहीत. तिनं तुला अशी अलगद फिरवून बसवली की तुझा पदरसुद्धा हलला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. एखाद्या सरळ बाईला तेवढ्यावर कळलं असतं. मला वाटलं, हिला खिडकीत माझी सावली दिसली असणार.

शनिवारी मी तिला समोर बोलावलं. तू खुर्चीत होतीस, आम्हा दोघींच्या मध्ये.

"शोभा, ताईंच्या दंडावर डाग कसले?"

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तुझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आजही जसंच्या तसं दिसतं. ती वाट पाहत होती. तू मांडीवरच्या रुमालाच्या घड्या घालत बसलीस.

"मी नाही केलं, मॅडम," ती शेवटी म्हणाली.

"मग कोणी केलं? घरात तिसरं आहे कोण?"

ती पुन्हा तुझ्याकडे वळली. "मावशी?"

तू म्हणालीस, "जाऊ दे ना वं, कुंदे. कायले वाढवतं?"

एवढंच. शोभानं पिशवी घेतली. पट्टा नीट गुंडाळून तुझ्या पलंगावर ठेवला आणि दारात वळून म्हणाली, "मॅडम, मावशीले बसवताना हाताले धरत नका जाऊ."

चोर ती आणि मलाच शिकवते! माझं डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी मी गल्लीत चार घरी जाऊन सांगितलं की ही बाई म्हाताऱ्या माणसांना ओरबाडते. इंगळेकाकूंकडे ती त्यांच्या सासूच्या अंगाला तेल लावायला जायची. काकूंनी तिला दुसऱ्या दिवशी बंद केलं. मला बरं वाटलं, ताई. कोणाला तरी वाचवल्यासारखं.

त्यानंतर तुझ्यासाठी बाई ठेवली नाही. शाळेतून रजा घेतली आणि सगळं मीच करायला लागले. मेच्या त्या गुरुवारी आपण अकोल्याहून परत येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे एका धाब्यावर थांबलो. तुला मोकळ्या हवेत बसायचं होतं. जमीन मुरमाची, खडबडीत. ऊन डोक्यावर. फळी काढायचा मला कंटाळा आला. दोन मिनिटांचं काम, म्हणून तुझे दंड धरले आणि उचललं. खुर्ची खड्यांवरून मागे घसरली आणि आपण दोघी गाडी आणि खुर्चीच्या मधल्या जागेत खाली. माझ्या मांडीवर तू, तुझ्या केसांत मुरूम. धाब्यावरची दोन माणसं धावत येईपर्यंत तू माझ्या गळ्याला धरून होतीस आणि म्हणत होतीस, "लागलं का तुले? कुंदे, तुले लागलं का वं?"

मला. आधी मला विचारलंस.

त्यांनी आपल्याला उठवलं, खाटेवर बसवलं. तू ताक प्यायलीस. मग एकदम म्हणालीस, "शोभीले बोलाव वापस."

"काहून?" मी तुझ्याच बोलीत विचारलं. रागावले की मी बोलीवर यायचे हे तुला माहीत होतं.

"तिले येते हे काम."

"आणि मला नाही येत?"

"तुले गाडी चालवता येते," तू म्हणालीस. धाब्यावरचा माणूस हसला. मला अपमान वाटला. बडनेरा येईपर्यंत मी बोलले नाही. तू दोनदा "कुंदे" म्हणालीस आणि दोन्ही वेळा पुढे काहीच बोलली नाहीस. ते काय होतं ताई? ते तू सांगणार होतीस का? की नुसतं पाणी हवं होतं? आता मला काहीही वाटू शकतं आणि खरं काय ते ठरवायला तू नाहीस.

पोळ्याच्या आधी छातीत कफ झाला आणि पाच दिवसांत तू गेलीस. ते मी इथे लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे.

तेरावं झाल्यावर मी ती लाकडी फळी परत करायला अकोल्याला गेले. दवाखान्याची होती ती. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं फळी घेतली, माझा हात धरला आणि म्हणाली, "काकू, मावशींच्या हातांना नंतर आराम पडला होता का? तुम्ही पट्टा वापरायला लागलात ना शेवटी?"

मला कळलंच नाही ती काय विचारते आहे. "कसला आराम?"

ती गडबडली. पण मी सोडलं नाही, तेव्हा तिनं सांगितलं. जानेवारीतल्या तपासणीत तिनंच तुझे डाग पाहिले होते. मी बाहेर औषधं घ्यायला गेले होते. तिनं विचारलं तेव्हा तू तिला सरळ सांगितलंस. बाजाराच्या तोंडाशी मागून रिक्षावाले हॉर्न मारतात, कुंदा घाबरते, घाईत दंडाला धरून ओढते. मी त्यांना समजावू का, असं ती म्हणाली तेव्हा तू तिला शपथ घातलीस.

"काय म्हणाली ताई? शब्द सांग."

"म्हणाल्या, 'नको सांगू वं तिले. ते भेली की मले आननं बंद करन.'"

मी गाडीत जाऊन बसले. उजव्या हातानं माझाच डावा दंड धरून पाहिला. चार बोटं आत, अंगठा बाहेर.

ताई, तू मला दुखवायचं नाही म्हणून गप्प बसलीस, असं मला धरून चालता येईल. भेटायला येणाऱ्या बाया तेच म्हणतील, मोठी बहीण होती ना. पण मी तुझीच बहीण आहे, मीही देठ पाहते. तुला बाजार हवा होता. तो अर्धा तास हवा होता. माझी गाडी बंद पडू नये म्हणून तू माझी बोटं सोसलीस, आणि शोभाला जाऊ दिलंस. यातलं माझ्यासाठी किती होतं आणि बाजारासाठी किती? मला अजून ठरवता येत नाही. रोज वेगळं वाटतं. सकाळी तुझी माया आठवते, दुपारपर्यंत तुझ्यावर वहीम यायला लागतो. आणि तू काय सांगायला हवं होतंस ते तरी कशाला म्हणू? शोभानं दारात उभं राहून मला तोंडावर सांगितलं होतं.

परवा बडनेऱ्याला गेले. शोभाचं घर शोधायला वेळ लागला. ती ओट्यावर गहू निवडत होती. मला पाहून उठली नाही. तुझं कळलं होतं तिला.

"शोभा, ते मी केलं होतं," मी उभ्या उभ्याच म्हटलं.

"माहीत हाय मले. तवाच माहीत होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मावशी बोलतीन म्हनून थांबली." तिनं सूप खाली ठेवलं. "मावशीनं मांगून फोन केला मले. तीन-चार डाव केला. रडल्या. म्हने, माह्यं चुकलं शोभे, मी कुंदीले सांगन एक दिवस."

म्हणजे तिची माफी मागितलीस. मला सांगायला मात्र तुला एक दिवस सापडला नाही.

मी हात जोडले. तिनं ते जोडलेले हात पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, माफीचं राहू द्या. तुमच्या गल्लीत मले कोनं दारात उभं नाही केलं. तुमी सांगतलं होतं ना सगळ्याइले? तं आता हेबी सांगा सगळ्याइले."

चहा तिनं विचारला नाही. मीही थांबले नाही.

काल चारही घरी गेले. पहिल्या घरी नीट शब्द फुटले नाहीत. त्या बाई म्हणाल्या, जाऊ द्या हो, आता कशाला उकरता. मी परत पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्या घरात मी बोलत असताना कोणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला. तिसऱ्या घरी नुसतंच "अस्सं" म्हणाले आणि माझ्या हातांकडे पाहिलं. ते पाहणं मला ओळखीचं होतं. तसं मी शोभाच्या हातांकडे पाहिलं होतं.

इंगळेकाकूंकडे गेले तर त्यांच्या सासू व्हीलचेअरमध्ये. महिन्याभरापूर्वी खुब्याचं हाड मोडलं. आज त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं आणि गाडीत कसं घ्यायचं ते घरात कोणालाच येत नव्हतं. काकूंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिचा नंबर आहे का तुमच्याकडे?" माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून शोभाचा आवाज मला ऐकू आला, "येतो. पन मॅडम तिथं पाहिजेत. माह्यासमोर सांगू द्या त्याइले."

आज सकाळी ती आली. काकूंच्या फाटकाशी, गाडीजवळ, काकू आणि त्यांच्या सासू यांच्यासमोर मी म्हटलं, "ताईंच्या दंडावरचे डाग माझे होते. शोभानं काही केलं नव्हतं. मी खोटं सांगितलं." मला माहीत नव्हतं म्हणून सांगितलं, असं तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं.

शोभानं आजींच्या कंबरेला पट्टा बांधला. खुर्ची तिरपी लावली. म्हातारी थरथरत होती, पायांचा काही भरवसा नव्हता. शोभानं इकडेतिकडे पाहिलं. काकू मागून खुर्ची धरून उभ्या होत्या. मोकळी मीच.

"मॅडम, खाली बसा. आजीचे गुडघे धरा, घसरू देऊ नका. वरचं मी पाहतो."

मी रस्त्यावर खाली बसले, ताई, आणि दोन्ही तळहातांनी ते हाडकुळे गुडघे धरले. शोभा एक म्हणाली, दोन म्हणाली, आणि तीनला आजी माझ्या हातांतून सुटून अलगद गाडीत जाऊन बसल्या.